हात धरायला चौघे कशाला?

लहान मुलांचं रक्त काढणं हे माझं काम. मुलांच्या विभागात लॅब टेक्निशियन आहे, रोज सकाळी ट्रे घेऊन वॉर्डभर फिरतो. माझा चेहरा बहुतेक मुलांच्या लक्षात राहत नाही, ट्रे राहतो. ट्यूबा एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला की चार खाटा पलीकडचं पोर पांघरुणात शिरतं.

आईवडलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, एका झटक्यात होईल ना?" शीर बरी असेल तर होतं, तसं मी सांगतोही. पण मूल घाबरतं ते त्या झटक्याला नाही. सुई कातडीतून आत जायला सेकंदसुद्धा लागत नाही. त्याआधी जे चाललेलं असतं ते बघा. मुलाला आडवं पाडायचं, एकाने पाय धरायचे, दुसऱ्याने खांदे, तिसऱ्याने कोपर दाबायचं, आणि कोणीतरी मायेपोटी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायचा. हे मिनिटभर चालतं, कधी पाच मिनिटं. पुढच्या वेळी ट्रे दिसल्यावर मूल किंचाळतं ते हे आठवून.

"दाबून धरलं की काम लवकर होतं" असं आमच्या धंद्यात सर्रास म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. मायेचा प्रश्न बाजूला ठेवा, नुसतं कामाच्या हिशेबाने बघा. घाबरलेल्या मुलाचे हातपाय गार पडतात, शिरा आक्रसतात, स्नायू ताठ होतात. जी शीर बोटाखाली लागत होती ती पट्टा बांधूनही लागत नाही. मग पुन्हा टोचायचं, मग ते आणखी ताठ होणार. एका सॅम्पलमध्ये वाचवलेली दोन मिनिटं त्याच मुलाच्या पुढच्या सॅम्पलला व्याजासकट जातात, आणि हे व्याज बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला तरी भरावं लागतं, म्हणून पहिल्याला त्याचा पत्ता नसतो.

आता मी काय करतो ते सांगतो. दीड-दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला शक्यतो झोपवत नाही. आई किंवा बाबा खुर्चीत बसतात आणि मूल त्यांच्या मांडीवर. लहान असेल तर आईच्या छातीला छाती लावून, पाय तिच्या कमरेच्या दोन बाजूंना. जो हात हवा तो आईच्या काखेखालून मागे माझ्याकडे येतो. मोठं असेल तर पाठ आईच्या पोटाला टेकवून. आईच्या मिठीत मूल पुरेसं घट्ट राहतं, पण ती मिठीच असते. मी खाली स्टुलावर बसतो. मूल वर आणि मी खाली, एवढ्या बदलानेही चित्र पालटतं. आडवं पडलेल्या माणसाला छताखेरीज फक्त वाकलेली तोंडं दिसतात. मोठ्यांनासुद्धा ते सोसवत नाही. कोपराखाली हात धरायला एक जण मात्र मी घेतो, तो सांधा हलता कामा नये. चौघे कधीच लागत नाहीत.

एक वाक्य मी प्रत्येक मुलाला सांगतो. "रडायचं असेल तर रड, ओरड, फक्त हा हात दगड." रडायची परवानगी मिळाली की निम्मी मुलं रडायचं विसरतात. उरलेली रडतात, पण हात देतात. रडू नकोस म्हणणाऱ्या पालकांना मी थांबवतो, कारण त्या क्षणी मुलाला दोन कामं होतात. दुखणं सोसायचं आणि वर रडू आवरायचं.

आणि कृपा करून "काही नाही, मुंगी चावेल" म्हणू नका. मुंगी म्हणून सुई निघाली की त्यानंतर तुम्ही जे सांगाल ते खोटं. "दुखणारच नाही" हे त्याहून वाईट. मी म्हणतो, "आधी गार लागेल, ते स्पिरिट. मग टोचल्यासारखं होईल. तुला कसं वाटलं ते मला नंतर सांग." काहींना ते दुखतं, काहींना नुसतं दाबल्यासारखं वाटतं. कसं वाटणार आहे ते आपण आधीच ठरवून द्यायचं नाही.

आईच्या तोंडून आपोआप येणारं "काही होत नाही रे बाळा, काही होत नाही" याबद्दल एक गोष्ट वाचली तेव्हा मलाही नवल वाटलं. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कर्करोगाच्या मुलांच्या तपासण्या चालू असताना मोठी माणसं काय बोलतात आणि त्यानंतर मूल काय करतं, याची वाक्यावाक्याने नोंद झाली. धीर देणं, माफी मागणं आणि रागावणं, या तिन्हींनंतर मुलांचा त्रास वाढलेला दिसला. भलत्याच विषयावर गप्पा मारल्या, विनोद केला किंवा "आता मोठा श्वास घे" असं काही करायला सांगितलं की मुलं सावरायची. रागावण्याचं समजू शकतं, पण धीर देण्याने? मला वाटतं मूल शब्द ऐकतच नाही, आवाज ऐकतं. एरवी आई "काही होत नाही" कधी म्हणते? काहीतरी होतं तेव्हाच. म्हणून मी आईला काम देतो. मुलाच्या कानात कालच्या खेळाचं काहीतरी विचारत राहा, म्हणतो. तिचाही आवाज मग ठिकाणावर येतो.

लक्ष दुसरीकडे वळवण्याबद्दल एवढंच सांगेन की सुई हातात घेतल्यावर खुळखुळा वाजवायला सुरुवात केली तर त्याचा उपयोग नाही. आधीपासून खेळ रंगलेला हवा. साबणाचे फुगे मला सगळ्यात आवडतात, कारण फुगा करायला लांब श्वास सोडावा लागतो आणि लांब श्वास सोडताना शरीर ढिलं पडतं. चार-पाच वर्षांच्या पुढच्यांना खोकायला सांगतो. एकदा नुसतं खोकून बघायचं, दुसऱ्यांदा खोकताना मी टोचतो. मोबाइलवर नुसतं बघण्यापेक्षा बोटांनी खेळायचा खेळ बरा, कारण त्याला डोकं लागतं. मुलांच्या हातात मोबाइल द्यावा की नाही यावर माझीही मतं आहेत, पण ती सांगायची ही वेळ नव्हे. आणि एका वेळी एकानेच बोलावं. मामा, आजी, सिस्टर आणि मी असे चौघे मिळून "इकडे बघ, इकडे बघ" करायला लागलो की मूल बरोबर सुईकडे बघतं.

अर्थात काहींना सुईकडेच बघायचं असतं. थॅलसेमियाची एक मुलगी आमच्याकडे नियमित रक्त चढवायला येते. तिला तोंड फिरवायला सांगितलं की ती बिथरते. तिला सगळं दिसलं पाहिजे. शीर तीच शोधते, "ही नको, ही पळते" असं मला सांगते, आणि बहुतेक वेळा बरोबर असते. तीन आकडे तीच मोजते आणि तीनला म्हणजे तीनलाच टोचायचं. एका नवीन मुलाने, म्हणजे आमच्याकडच्या शिकाऊ टेक्निशियनने, तिला फसवून दोनला टोचलं. हेतू चांगला होता, तीनपर्यंत ती ताठ होईल अशी त्याला भीती वाटली. त्या सकाळी सॅम्पल मिळालं, पण पुढे कित्येक महिने तिने त्याला हात लावू दिला नाही.

मुलांना निवड द्यावी, पण खरी. डावा की उजवा, बघणार की नाही, कोण मोजणार, पट्टी कोणती, या खऱ्या निवडी. "टोचू का?" ही नाही, कारण "नको" म्हटल्यावर आपण टोचणारच असतो.

आता मलमाबद्दल. कातडी बधिर करणारं मलम असतं हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. सगळ्यात जुनं नाव एम्ला, त्यात लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन औषधं प्रत्येकी २.५ टक्के असतात. त्याचा जाड थर द्यायचा, चोळायचा नाही. वर पारदर्शक चिकटपट्टी लावून निदान तासभर ठेवायचं. तासाभरात बधिरपणा साधारण ३ मिलिमीटर खोल उतरतो, दोन तासांत ५. शिरेतून रक्त काढायला एवढं पुष्कळ झालं. स्नायूत द्यायच्या लसीला मात्र कातडीचं टोचणं कळत नाही आणि आतलं औषध झोंबतंच, म्हणून "मलम लावलं तरी रडला" ही तक्रार येते आणि ती खरीच असते.

आमच्या लोकांची तक्रार वेगळी असते. मलमाखालची कातडी पांढरी पडते आणि शीर नीट दिसत नाही. हे खरं आहे, औषधाने तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. उपाय सोपा आहे. मलम पुसून थोडा वेळ थांबायचं, हात कोमट कपड्यात गुंडाळायचा. मलम एकाऐवजी दोन जागी लावायचं, म्हणजे एक शीर दगा देऊन गेली तर दुसरी जागा तयार असते. अमेथोकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधाचं जेल मिळत असेल तर ते तासाच्या आत काम करतं आणि शिरा उलट फुगवतं. एम्ला मात्र घरच्या घरी मनाने वापरायची गोष्ट नाही. तान्ह्या बाळांना ते जास्त झालं, किंवा काही ठरावीक औषधं चालू असताना लावलं, तर रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहायची ताकद कमी होऊ शकते. किती, कुठे आणि किती वेळ, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

मलम न वापरण्याची सगळे जी कारणं देतात त्यांतलं खरं कारण वेळापत्रक आहे असं माझं मत आहे. राउंडला डॉक्टर तपासणी लिहितात, वीस मिनिटांत मी ट्रे घेऊन हजर. मलमाला हवा एक तास. म्हणजे मी येण्याआधी ते कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, आणि ते नेमकं कुणाचंच काम नसतं. आमच्या सिस्टर इन्चार्जबाईंनी यावर साधा तोडगा काढला. रात्रपाळीच्या सिस्टरने सकाळच्या सॅम्पलची यादी बघून पाच वाजताच झोपेतल्या मुलांच्या हाताला मलम लावून ठेवायचं. मी सहानंतर येतो. पहिले काही दिवस कुरकुर झाली, मग सकाळचा आरडाओरडा कमी झाल्यावर कुरकुर करणाऱ्यांनाच ते हवंसं वाटायला लागलं.

तान्ह्या बाळांचं गणित निराळं. त्यांना कळत नाही, त्यांना दुखत नाही, असं एके काळी डॉक्टरही मानायचे. १९८०च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर पुरेशी वेदनाशामक औषधं न देता, नुसतं स्नायू ढिले करणारं औषध आणि थोडा गॅस देऊन शस्त्रक्रिया होत. बाळ हलत नसे, म्हणजे दुखत नाही असं धरलं जाई. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे डॉ. कंवलजीत आनंद यांना शस्त्रक्रियेहून परत येणाऱ्या बाळांची अवस्था बघून शंका आली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही बाळांना फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक जोडीला दिलं आणि काहींना नेहमीचीच पद्धत ठेवली. फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी झाला आणि नंतरचे त्रासही. हे १९८७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. इतक्या अलीकडची ही गोष्ट आहे. टोरांटोच्या अ‍ॅना टॅडिओ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. जन्मल्यावर सुंता झालेली बाळं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त रडत होती, आणि सुंतेच्या वेळी मलम लावलेली बाळं न लावलेल्यांपेक्षा कमी. बाळाला तो दिवस आठवत नसेल, शरीराने नोंद ठेवलेली असते.

म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला शक्य असेल तिथे आईने पाजत असतानाच टोचावं. आधीच पाजायला घ्यायचं, बाळ नीट ओढायला लागलं की मी काम करतो, आणि ती नंतरही पाजत राहते. ठसका लागेल, बाळ दुधावरच रुसेल, या भीतीने आया बिचकतात. मी तसं होताना पाहिलेलं नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये लसीकरणाच्या वेळी दुखणं कमी करण्यासाठी जी मार्गदर्शक भूमिका मांडली त्यात स्तनपान आहेच. आई जवळ नसेल तर साखरेचं द्रावण, साधारण २४ टक्क्यांचं, टोचण्याआधी दोन मिनिटं जिभेवर काही थेंब. परिणाम काही मिनिटंच टिकतो, त्यामुळे ट्यूबांवर नावं लिहायला मग बसायचं नाही, ती आधी लिहून तयार ठेवायची. हेही वॉर्डात, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. घरी रडणं थांबवायचा उपाय म्हणून नाही.

टाचेला टोचून रक्त घेणं सोपं वाटतं म्हणून सगळीकडे चालतं. पण पूर्ण दिवसांच्या बाळाला सरावलेल्या हाताने शिरेतून घेतलेलं रक्त कमी दुखतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. टाचेला टोचणं संपतं, पिळणं संपत नाही. बाळ रडतं ते त्या पिळण्याने.

लस देणाऱ्यांसाठी त्याच २०१५ च्या मार्गदर्शनात अगदी बिनखर्चाच्या गोष्टी आहेत. मांडीत किंवा दंडात लस देताना सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते बघायचं नाही, त्या जागी मोठी रक्तवाहिनी नसते आणि सुई आत जितका जास्त वेळ हलते तितकं दुखतं. एकाच दिवशी दोन-तीन लसी असतील तर सगळ्यात झोंबणारी शेवटी. मूल आडवं झोपवलेलं नको, मांडीवर धरलेलं हवं. आधी पॅरासिटामॉल पाजून आणण्याचा टोचण्याच्या दुखण्यावर उपयोग होत नाही.

टोचायच्या जागेच्या वरच्या बाजूला चोळणं, थरथरवणं, गार लावणं याने दुखणं कमी जाणवतं, त्याची बैठक मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात सापडते. मज्जारज्जूत एक दार असतं आणि स्पर्शाचे संदेश तिथे गर्दी करून वेदनेच्या संदेशांना अडवतात, असं काहीसं. गार आणि थरथर एकत्र देणारी मधमाशीच्या आकाराची छोटी यंत्रं मिळतात. काही मुलांना ती फार आवडतात, काहींना सुईइतकीच नकोशी होतात. आधी स्वतःच्या हातावर लावून बघू द्यावीत.

दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं आरडाओरडा करत नाहीत म्हणून लोकांना वाटतं ती निर्धास्त आहेत. गप्प बसलेलं, पांढरं पडलेलं, हो-नाही एवढंच बोलणारं पोर मला जास्त काळजीचं वाटतं. यांच्यात चक्कर येऊन पडणारे असतात, आणि त्यांना "ढिला सोड, आराम कर" हा सल्ला उलटा पडतो. त्यांचा रक्तदाब घसरत असतो. त्यांना मी झोपवतो (वरच्या माझ्या नियमाला हा अपवाद) आणि मांड्या, पोट नि दुसरी मूठ घट्ट आवळायला सांगतो. पंधरा सेकंद आवळायचं, थोडं सोडायचं, परत आवळायचं. रक्तदाब टिकतो. ज्या हातातून रक्त घ्यायचं तो मात्र सैल.

काही नियम माझ्यापुरते आहेत. दोनदा प्रयत्न करून शीर मिळाली नाही तर सुई दुसऱ्याच्या हातात. तिथे अभिमान ठेवायचा नाही. आणि कमीत कमी टोचायचं. सलाईनसाठी सुई बसवायचीच असेल तर त्याच वेळी रक्त घेता येतं, फक्त आधी फोन करून मला बोलवायला हवं. काल पाठवलेल्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पुरेसं रक्त उरलेलं असेल आणि तपासणी त्यावर चालत असेल तर तीच वापरता येते. कुणीतरी लॅबला विचारायचं असतं, एवढंच.

सगळंच गोडीगुलाबीने होतं असं नाही. मूल अत्यवस्थ असेल तर मलमाची वाट बघत नाहीत आणि बघूही नये. तेव्हा धरावं लागतं आणि आम्ही धरतो. पण ज्या तपासणीला दोन तासांनी काही बिघडत नाही तिथे मूल फारच बिथरलं तर मी ट्रे उचलून चालू लागतो. "अहो, मग होणार कसं?" म्हणून नातेवाईक मागे येतात. होतं. मलम लावून, दुपारी, खेळ रंगल्यावर होतं. ज्यांचं तरीही होत नाही त्यांच्यासाठी हुंगायचा गॅस किंवा गुंगीचं औषध हा डॉक्टरांचा मार्ग आहे, आणि तो मागायला लाजू नये.

पालक विचारतात, मुलाला आधी कधी सांगायचं? तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी, थोडा वेळ आधी. शाळकरी मुलाला आदल्या दिवशी, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. न सांगता कधीच आणू नका. आणि घरी ऐकत नसलेल्या मुलाला "थांब, इंजेक्शनवाल्या काकांना बोलावतो" असं सांगणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, माझ्या नावाने भीती घालू नका, ती पुढे मलाच निस्तरावी लागते. झाल्यावर काय बोलता यालाही महत्त्व आहे. दुखल्याची आठवण पुढच्या काही दिवसांत पक्की होत जाते, आणि घरी दहा जणांसमोर "केवढा रडला!" असं सांगितलं की तीच पक्की होते. "हात किती स्थिर धरलास" हे खरं असेल तर तेवढं सांगा.

सध्या आमच्याकडे वाद चाललाय तो दुपारच्या सॅम्पलचा. सकाळची घडी बसली, पण दुपारी नवीन दाखल झालेल्या मुलांचं रक्त अजूनही मलमाशिवाय काढावं लागतं. दाखल होतानाच, वजन करतात त्या टेबलावर मलम लावावं असं माझं म्हणणं आहे, कारण तिथून वर खाटेवर पोचून डॉक्टर तपासेपर्यंत तास जातोच. डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय लावायचं नाही, असं सिस्टर म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. वजनाच्या टेबलावर आधीच छापील सूचना ठेवावी, वयाप्रमाणे प्रमाण आणि कुणाला लावायचं नाही ते त्यावर, खाली डॉक्टरांची सही, असा कागद करून मी दिला आहे. सोमवारच्या बैठकीत तो येईल.